सबुरीचा माणूस

"पुन्हा थांबलात?" फिटरकाकांनी करकचून ब्रेक दाबला.

लायब्ररीवाली बाई रस्त्याच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडत होती. "पाय भरून आले हो काका. दोनच मिनिटं."

तिच्या दोन मिनिटांची दहा होतात, हे काकांना चार दिवसांत पाठ झालं होतं. नऊ सायकलस्वार, सहा दिवसांची सफर आणि आज बावीस किलोमीटरचा घाट. सकाळी म्होरक्याने काकांना बाजूला घेतलं होतं. "बाई नवख्या आहेत, मागे पडतात. त्यांच्याबरोबर राहा. तुमच्याइतका सबुरीचा माणूस आपल्यात नाही."

सबुरी गेली खड्ड्यात! काकांना आज पहिल्या तिघांत वर पोचायचं होतं. गेल्या साली हृदयात दोन स्टेंट बसले आणि डॉक्टर लेकीने त्यांना काचेचं भांडं करून टाकलं. जिना नको, पिशवी नको, धावपळ नको. शेवटी 'बसने सहलीला जातो' अशी थाप मारून ते घरातून निसटले होते. सफरीच्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात त्यांनी ठोकून दिलं होतं: काही नाही.

बाई उठली. किलोमीटरभर गेली आणि तिला तहान लागली. मग दरीचा फोटो. मग, "काका, चेन कुरकुरतेय का हो?"

काकांनी चेन तपासली. पस्तीस वर्षं कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस तो. "चेन ठणठणीत आहे. पॅडल मारायचं सोडून बाकी सगळं सुचतं तुम्हाला."

ती हसली आणि केळं सोलायला बसली. वरच्या वळणावर बाकीचे ठिपक्याएवढे झाले होते. काकांनी घड्याळ पाहिलं. उगाचच घंटी वाजवली. पुन्हा घड्याळ पाहिलं.

"तुम्ही बसा निवांत. मी निघतो."

ती ताडकन उभी राहिली. "नका जाऊ काका! एकटीला भीती वाटते मला."

पण काका निघाले होते.

पहिली दोन वळणं त्यांनी पोरासारखी मारली. तिसऱ्यावर धाप लागली, कपाळावर गार घाम आला. ते कठड्याला टेकले. समोरचा रस्ता ओसाड होता आणि आता त्यांना बाईची काळजी कुरतडू लागली. एकटी आहे, घाबरट आहे. काही झालं तर म्होरक्याला काय तोंड दाखवणार? स्वतःशीच चरफडत त्यांनी सायकल उताराकडे वळवली.

तेवढ्यात खालच्या वळणावरून ती आली. पॅडलवर उभी, वाऱ्यासारखी. इतक्या वेगाने हा घाट सबंध गटात कुणी चढलं नसतं. सायकल तशीच टाकून तिने काकांना खाली बसवलं, मनगट धरलं, जिभेखाली गोळी ठेवली. दुसऱ्या हाताने म्होरक्याला फोन लावला. "काका सापडले. गाडी लगेच पाठवा."

तिला जराही धाप लागली नव्हती.

हळूहळू काकांचा श्वास जागेवर आला. "तुम्ही तर... लायब्ररीत..."

"हृदयरोगाच्या वॉर्डात, काका. तुमच्या लेकीच्या हाताखाली. तुमची बसची थाप त्यांनी तेव्हाच ओळखली होती," ती नाडीवरचं बोट न काढता म्हणाली. "बाबांना सावकाश चालवायचं असेल तर तूच मागे पडत जा, असं त्याच म्हणाल्या."