धुतल्या तांदळासारखं

"घरात आणखी कुणाला असा मनाचा त्रास होता का?" घोडेगावच्या डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई ओ डॉक्टर! आमचं घराणं धुतल्या तांदळासारखं हाय," सोनीबाई लगोलग म्हणाली. धाकट्या लेकीची सोयरीक आळ्याला ठरत आली होती.

थोरली उज्ज्वला मान खाली घालून बाहेर आली. महिनोन्‌महिने झोप नाही, जगणं नकोसं झालेलं, आणि साऱ्या घराण्यात हे एकट्या तिच्याच वाट्याला. एसटीत बसल्यावर तिला रडू फुटलं.

"आये, मग मीच कशी गं अशी निपजले?"

सोनीबाईनं तिच्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली,



"ही उपाशीपोटी घेऊ नगं बाई. मला लई मळमळायचं."