मागं सरकवलेली सीट

"ही नको. हिचं तोंडच रडकं हाय," गोजरबाई म्हणाली आणि पुढच्या गाडीकडं वळली.

जालना रोडवरच्या त्या जुन्या गाड्यांच्या अड्ड्यात सकाळपासून हेच चाललं होतं. देवगाव रंगारीहून आलेली म्हातारी, सहीपुरती शिकलेली, हिला काय कळतंय म्हणून गाडीवाल्या इंद्रजीतनं आधी नवा रंग मारलेला माल दाखवला. आता तिला खोट दिसू नये म्हणून त्याच गाड्यांपुढं तो आडवा उभा राहत होता.

"आजी, नातवाला विचारा की. चालवणार तर तो हाय."

सत्यम बाजूला उभा होता. तेविशीचं पोरगं, वाळूजच्या कंपनीत कामाला, बजाजनगरात खोली. आल्यापासून त्यानं मान वर केली नव्हती.

"आजी, कशाला एवढं?" तो हळूच म्हणाला. "मोटारसायकल हाय की माझ्याकडं."

"मोटारसायकलचं नाव काढू नको माझ्यापुढं." गोजरबाईचा आवाज चढला आणि मधीच उतरला. "चार चाकं पायजेत. डोक्यावर पत्रा पायजे."

तिचा मुलगा बद्रीनाथ लिंबाखाली बाकड्यावर बसला होता. डोक्याला पांढरा रुमाल आवळून बांधलेला. त्यानं अजून एकाही गाडीला हात लावला नव्हता.

"काका नाराज दिसतात," इंद्रजीत हसला. "खिसा त्यांचा रिकामा होणार काय?"

"त्याचं काय रिकामं झालं ते तुला नाय कळायचं. तू गाडी दाखव."

इंद्रजीतनं एक मोठी पांढरी गाडी पुढं काढली. "ही बघा, एक नंबर. पोरगं हिच्यातून गावात उतरलं की सोयरीक दारात चालून येईल."

बद्रीनाथ उठला आणि पाण्याच्या माठाकडं निघून गेला.

"ॲव्हरेज?" गोजरबाईनं विचारलं. घरात वर्षभर रोज ऐकून हा शब्द तिला पाठ झाला होता.

"बारा-तेरा देते आजी. मोठी गाडी हाय ना."

"म्हंजी हत्ती. फुकट भेटला तरी चारा कोण घालील, तू? ह्याच्या पगारात बसली पायजे. दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या उरावर बसू नये."

मग तिची नजर कोपऱ्यातल्या निळ्या अल्टोवर गेली. रंग जरा उडालेला, पण अंग सरळ.

"ती एका मास्तरीणबाईची," इंद्रजीत म्हणाला. "घर ते शाळा, शाळा ते घर. वीसच्या वर ॲव्हरेज, अन् सामान कुठंबी मिळतं. पण तुम्हाला काय ती आवडायची नाय."

"माझ्या आवडीचं तू बोलू नको. निळीच पायजे होती."

तिनं गाडीभोवती चक्कर मारली. टायरांवर पाय दाबून बघितला. चारी दारं उघडून लावून बघितली. मग आत वाकून वास घेतला आणि इंद्रजीतच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "खरं सांग. हिच्यात कुणी मेलंय का?"

इंद्रजीत दचकला. "नाय ओ! आईशप्पथ नाय."

"आईला मधी आणू नको. तिनं बिचारीनं तुला नीटच शिकवलं असंल." ती सत्यमकडं वळली. "बस आत."

सत्यम बसला.

"सीट मागं घे."

त्यानं घेतली.

"अजून."

"आजी, मग पाय पोचत नाय क्लचला."

"घे म्हणते ना. अजून."

सीट कड्डकन शेवटच्या खाचेत अडकली. सत्यमचे पाय अधांतरी राहिले. गोजरबाई दाराला धरून त्याच्या पायांपुढच्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. इंद्रजीतला वाटलं, म्हातारीला चक्कर आली.

"गुडघे मोडून बसायला लागू नये," ती म्हणाली. "असंच राहू दे."

"नातू अजून वाढायचाय व्हय?" इंद्रजीतनं चेष्टा केली.

"नाय," गोजरबाई म्हणाली. "ही घेतली. उद्या सकाळी गावात, दारापुढं पायजे."

"उद्या? आजी, गाडी धुवायची, कागद करायचे. रविवारी चांगला दिवस हाय, तवा..."

"दिवस ठरलेला हाय. उद्याचा चुकला तर तुझी गाडी मला काय जाळायचीय? कागद मागून कर, सत्यमच्या नावावर. गाडी उद्या."

इंद्रजीतनं सत्यमकडं बघितलं. सत्यम खाली बघत होता. शेवटी इंद्रजीतनंच मान डोलावली आणि पेढ्यांचा पुडा पुढं केला. "तोंड तर गोड करा."

"आमचं गोड उद्या घरी हाय," गोजरबाईनं पुडा सरकवला. सत्यमनंही उचललेला पेढा परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी निळी गाडी देवगावात दारापुढं उभी राहिली. भावकी, सोयरे जमले होते. मागं चुलवणावर बुंदीचं तेल कढत होतं. ओसरीवर नवा पलंग मांडला होता, त्यावर गादी, उशी, छत्री, चपलांचा जोड. सत्यमला नवे कपडे घालून पाटावर बसवलं, आणि रीतीप्रमाणं ते सगळं एकेक करून त्याच्या स्वाधीन केलं. शेवटी गोजरबाईनं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून पाण्याची धार सोडली.

"बस गाडीत. आमच्या देखत एकदा सुरू कर."

सत्यम बसला. पाय क्लचला पोचेनात. त्यानं सीट पुढं घ्यायला हात खाली घातला.

दारात उभ्या बद्रीनाथनं डोक्याचा रुमाल सोडला, डोळ्यांना लावला. डोकं तासलेलं होतं.

"सीट पुढं घेऊ नको, बाबा," गोजरबाई म्हणाली. "तुझा दोस्त लई उंच होता. आज तेरावा हाय, तुझ्या हातून त्याला पोचतंय. आजच्या दिवस माझ्या नातवाला, अभयला पाय लांब करून बसू दे."