बाहेरचा दात

डॉक्टरांनी माझे दोन दात ताटलीत ठेवले. एक वर आलेला, एक हिरडीतच दडून राहिलेला.

"दडलेल्यापेक्षा वर आलेल्यात खनिजं वेगळी असतात, आजोबा. पाण्यातली, लाळेतली मुरतात. अभ्यासाला ठेवू?"

"म्हणजे काय काय खाल्लं तेही कळेल?" हिनं संशयानं विचारलं. डॉक्टर नुसतेच हसले.

आम्ही दोघांनी तुळशीची माळ घातल्यापासून मासळी बंद होती. माझ्या चोरट्या बोंबलांचा हिला सुगावा नव्हता.

"दडलेलाच ठेवा," मी म्हणालो. "बाहेरचा माझा नव्हेच!"

"दोन्ही ठेवा," ही म्हणाली.

"मग तुलनेला तुमचाही हलणारा काढू, आजी?"

हिनं पदरानं तोंड झाकलं, दोन्ही दात पिशवीत टाकले आणि उठली.

जिन्यात मी विचारलं, "तू कुठं खातेस गं?"

"आधी तुम्ही सांगा."