लाल टोपीचा सेनापती

"घोड्याच्या शेपटीचा फोटो पाठवा," असा निरोप आला, तेव्हा चष्मेवाला दुकानातून येऊन नुकताच जेवायला बसला होता. ताट सरकवून तो उठला आणि फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, "दुसऱ्या बाजूनं."

शेपटी नखाएवढी. तिला दुसरी बाजू असेल असं बघून वाटतही नव्हतं. तरी त्यानं तोही फोटो पाठवला. मग त्या माणसाचा पत्ताच नाही. भात गार झाला तो झालाच.

मुलाच्या खोलीतल्या टेबलावर बोटभर उंचीचे दोनशे सैनिक मांडलेले होते. मुलानं लहानपणापासून एकेक जमवलेले आणि केसासारख्या कुंचल्यानं रंगवलेले. दर रविवारी बापलेक याच टेबलावर लढायचे. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचे आणि नियमांवरून हुज्जत घालायचे. असला माल घेणारे-विकणारे सगळे एकाच साइटवर भेटतात. मुलगाही पूर्वी तासन्‌तास तिथंच पडून असायचा.

त्याच साइटवर चष्मेवाल्यानं दीड महिन्यापूर्वी जाहिरात टाकली होती. "हातानं रंगवलेलं सैन्य, सगळं एकत्रच मिळेल. सेनापती लाल टोपीवाला, पुढच्या रांगेत मधोमध." नवीन जाहिराती आल्या की जुनी खाली जाते, म्हणून तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती पुन्हा वर आणायचा.

गिऱ्हाइकं येत होती, पण कशी? एकाला फक्त घोडे हवे होते. एकजण सैन्याच्या बदल्यात जुनी सायकल देत होता. तिसरा म्हणाला, "मागच्या कोपऱ्यातला ढोलवाला काढून टाका. त्याच्या हातात काडीसुद्धा नाही. सगळी शोभा घालवतो." आणखी एकानं लिहिलं, "लाल टोपीवाला साधा शिपाई दिसतोय हो."

"सेनापतीच आहे," चष्मेवाल्यानं ठासून उत्तर दिलं.

"काका, तुम्हाला यातलं काही कळत नाही," असं म्हणून तोही गेला.

घरात वेगळीच लढाई होती. "त्याच्या वस्तू विकायचा तुम्हाला काय अधिकार?" बायको रोज विचारायची. "उद्या त्याच्या नजरेस पडलं तर परत यायचं नावसुद्धा काढणार नाही तो."

"जागा अडलीय."

"कुणाची? राहतंय कोण त्या खोलीत?"

तो चष्मा पुसत बसायचा.

मुलगा जाऊन दोन वर्षं झाली होती. चूक दिसली की त्याला राहवायचं नाही. मग जेवण असो, पाहुणे असोत, की समोर बाप असो. एकदा दुकानात, भर गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, "बाबा, डाव्या डोळ्याचा नंबर चुकलाय." नंबर खरंच चुकला होता. त्याचाच बापाला जास्त राग आला. "एवढं कळतं तर स्वतःचं दुकान काढ," तो म्हणाला. पोरानं ते मनाला लावून घेतलं आणि संध्याकाळी एक बॅग घेऊन निघून गेला. फोनचा नंबर बंद. मित्रांना विचारावं तर तेही हात वर करायचे. एका ऐकीव पत्त्यावर पाठवलेली पत्रं तशीच परत आली. ती चष्मेवाल्यानं दुकानाच्या खणात ठेवली होती, बायकोला दाखवली नव्हती.

मग एक दिवस पूर्ण किंमत द्यायला एकजण तयार झाला. फोनवर भला माणूस वाटला. रविवारी स्वतः खोका घेऊन येतो म्हणाला.

"रंगाचं काय करणार?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"काढून टाकणार. औषधात बुडवून ठेवले की साफ होतात."

"मग नाही जमायचं."

"अहो, तुम्हाला विकायचेत की नाही?"

चष्मेवाल्यानं फोन ठेवला. बायको दारात उभी राहून ऐकत होती. थोड्या वेळानं तिनं न मागता चहा आणून दिला.

रविवार उजाडला. त्या दिवशी एकही निरोप आला नाही. दुपारी तो मुलाच्या खुर्चीत जाऊन बसला. समोर दोनशे जण शिस्तीत उभे होते आणि कुणाचाच काही उपयोग नव्हता. हे आपल्याच्यानं होणार नाही, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"काढा आता ती जाहिरात," बायको दारातून हळूच म्हणाली. "माझ्यासाठी तरी काढा."

"आजचा दिवस राहू दे. उद्या काढतो," तो म्हणाला. त्याला खरंच काढायची होती.

एवढ्यात फोन वाजला. साइटवर निरोप आला होता. पाठवणाऱ्याचा फोटो नव्हता, नावाच्या जागी नुसते आकडे होते. बायको पुढे येऊन त्याच्या खांद्यावरून वाचू लागली.

"लाल टोपीवाला सेनापती नाही. सेनापती ढोलवाला आहे. मी सात वर्षांचा असताना खरा सेनापती तुमच्या पायाखाली चिरडला. मी रडायचा थांबेना, म्हणून तुम्हीच ढोलवाल्याला बढती दिली होती. एवढंसुद्धा लक्षात नाही, बाबा?"

चष्मेवाल्यानं लिहायला घेतलं. दोनदा अक्षरं चुकली, दोनदा त्यानं खोडली.

"लक्षात आहे रे," त्यानं लिहिलं. "कुठं आहेस?"