उंटिणीचा गुडघा

"तू जरा थांब," मॅडम म्हणाल्या आणि बाकीच्या मुली जर्सी घ्यायला आत पळाल्या.

धाकटी थांबली. कर्णधारपदाचं काहीतरी असणार, असं तिला वाटलं. गेल्या वर्षी शाळेच्या बास्केटबॉल संघात सगळ्यांत जास्त गुण तिचेच होते. मॅडमनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडवली, पुन्हा गुंडाळली.

"या वर्षी तुला संघात घेत नाहीये मी."

"म्हणजे? माझं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही गं. घरी जा. आराम कर."

आणि त्या वळल्यासुद्धा.

तिच्या जागी उंटीण आली. उंटीण म्हणजे याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेली एक लांबलचक मुलगी. हे नाव धाकटीनंच तिला थट्टेत ठेवलं होतं. आता ते दात-ओठ खाल्ल्याशिवाय तोंडातून निघेना.

घरी येऊन तिनं दप्तर भिरकावलं आणि उशीत तोंड खुपसलं. आई-बाबा अजून यायचे होते. चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळणारी ताई मात्र त्या दिवशी लवकर आली होती. काही न विचारता ती उशाशी बसली आणि केसांतून हात फिरवू लागली.

"मलाही काढलं होतं," ताई म्हणाली. "याच संघातून. तुला काय आठवणार म्हणा, तू तेव्हा एवढीशी होतीस."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? चार दिवस घास गिळवेना. मग झाली सवय." ती हसली. "घरात कुणाला पत्तासुद्धा लागला नाही."

आता मात्र घरात सुतकी कळा आली. येईल-जाईल त्याला धरून कपाटातली धाकटीची पदकं दाखवणारे बाबा जेवताना नुसताच भात चिवडत होते. शेवटी ताट सारून म्हणाले, "उद्या येतो शाळेत. जाबच विचारतो त्या बाईला."

"नको हो बाबा," ताई घाईनं म्हणाली. "तिचंच हसं होईल. बापाच्या वशिल्यानं खेळते म्हणतील मुली."

धाकटीला ते पटलं. ताईला कसं सगळं बरोबर सुचतं, असं तिच्या मनात आलं.

पण जळफळाट काही थांबेना. शाळा सुटली की ती मैदानाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. बसायचं नाही असं ठरवून बसायची. उंटीण हात लांब करून चेंडू अलगद जाळीत सोडायची, मुली किंचाळायच्या आणि इकडे धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेली खेळायची झकास, हेच तर दुखणं होतं. वाईट खेळली असती तर निदान नावं तरी ठेवता आली असती.

त्यात स्वभावानंही चांगली. एकदा चेंडू घेऊन पायऱ्यांपाशी आली. "एकटीच काय बसलीस? चल ना, दोन पास देऊ एकमेकींना."

धाकटी उठणार, तोच पलीकडून मॅडम ओरडल्या, "ए, तिला पळवू नकोस!"

म्हणजे आता गंमत म्हणून खेळायचीही चोरी! धाकटीचे कान लाल झाले. घरी येऊन तिनं ताईपाशी सगळं ओकून टाकलं. ताई रोजच्यासारखी शांतपणे ऐकत राहिली.

"अजून काही म्हणाल्या मॅडम?"

"नाही. बघतसुद्धा नाहीत माझ्याकडे."

"मग तूही त्यांच्या पुढेपुढे करू नकोस. कशाला लाचारी?"

सामना अगदी तोंडावर आला, तेव्हा संधी चालून आली. कपडे बदलायच्या खोलीत उंटीण एकटीच बाकावर बसली होती. गुडघा सुजून टम्म झाला होता आणि ती ओठ चावत त्यावर पट्टी आवळत होती.

"मॅडमना सांगू नकोस हं," ती कळवळून म्हणाली. "एवढी मॅच होऊ दे. मग दाखवते डॉक्टरांना."

"छे गं, मी कशाला सांगू?" धाकटी म्हणाली. किती दिवसांनी तिला इतकं हलकं वाटत होतं!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मॅडमच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मॅडम चेंडूत हवा भरत होत्या.

"मॅडम, एक सांगायचं होतं. तिच्या भल्यासाठीच सांगतेय हं मी." आणि तिनं उंटिणीचा गुडघा सांगितला. सूज सांगितली, पट्टी सांगितली, लपवाछपवी सांगितली. चेहरा शक्य तेवढा पडलेला ठेवला. "तिच्या जागी कुणीतरी लागेलच ना? मी तयार आहे. आत्ता म्हणाल तर आत्ता."

मॅडमनी पंप खाली ठेवला. त्या रागावतील असं धाकटीला वाटलं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"किती जीव टाकतेस गं खेळावर! बरं झालं सांगितलंस, आजच बसवते तिला. तिचा गुडघा काय, महिन्याभरात बरा होईल. पण तुझं तसं नाही ना, बाळ."

"माझं? माझं काय?"

"माझ्यापासून काय लपवतेस आता? निवडीच्या आदल्या दिवशी तुझी ताई आली होती. ढसाढसा रडली बिचारी. तुझ्या हृदयाचं ऐकलं आणि तुला खेळवायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. ‘तिच्यासमोर विषय काढू नका, कोसळेल ती,’ असं वचन घेतलं होतं तिनं माझ्याकडून. आज राहवलं नाही बघ." मॅडमनी तिला जवळ ओढलं. "तीच घेऊन गेली होती ना तुला डॉक्टरांकडे?"

धाकटी आजवर ताईबरोबर कुठल्याच डॉक्टरांकडे गेली नव्हती.