दत्तोबांची नवी कविता

रुपालीने कागद डाव्या हाताने पुढे केला. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता, आणि जिथे पंजा असायला हवा, त्याच्या आधीच बँडेज संपत होतं.

"सर, एवढं वाचून सांगा. इंग्रजीत हाय."

भोसरीतल्या सभागृहाच्या पायरीवर कवी दत्तोबा सुरवसे थांबले. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची कविता कॉलेजात शिकवतात. मशीनवरच्या सूचना कामगाराला वाचता येतील अशा भाषेत लावा, म्हणून कारखान्यांच्या गेटवर बसून ते तीनदा तुरुंगात गेले, ते मात्र कोणी शिकवत नाही. आज मराठी भाषा गौरव दिन होता. या दिवशी कारखानदारांनाही मराठीचं भरतं येतं, त्यामुळे त्यांच्या संघटनेने दत्तोबांचा सत्कार ठेवला होता.

"कोणी दिला हा कागद?"

"निरंजन सरांनी. कंपनीत एचआरला हायेत. दोन वाजेपर्यंत सही केली तर पॅकिंगला घेणार. नाही केली तर उद्यापासून येऊ नको म्हणले."

दत्तोबांनी कागद वाचला. कपाळावरची शीर तटतटली.

"प्रेसवर होतीस ना? बटणात पाचर कोणी ठोकली होती?"

"सुपरवायझरनं. सगळ्याच प्रेसला ठोकतेत."

दत्तोबांना हे नवीन नव्हतं. बावीस वर्षं ते स्वतः पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसवर होते. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच ती पडते, म्हणजे हात मध्ये राहूच शकत नाही. एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो आणि माल भराभर निघतो. मग एखाद्या दिवशी तोच हात खाली सापडतो. पाचर ठोकायचा हुकूम नेहमी तोंडी असतो.

"करू का सही?"

"आधी ऐक, काय लिहिलंय ते. आत येऊन बस. पण मी सगळ्यांसमोर वाचणार. चालेल?"

तिने सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "वाचा. मला कळलं पायजे."

व्यासपीठावर शाल झाली, श्रीफळ झालं. संघटनेचे अध्यक्ष नानासाहेब बोलायला उठले. रुपाली ज्या कंपनीत होती ती त्यांचीच. मायमराठीवर ते वीस मिनिटं बोलले आणि त्यातली निम्मी वाक्यं इंग्रजीत होती. तेवढ्या वेळात दत्तोबा मांडीवर कागद ठेवून निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर खरडत होते. खाली बसलेल्या निरंजनला वाटलं, कवीला काहीतरी सुचतंय. त्याने कौतुकाने फोटो काढला.

दत्तोबा माइकसमोर आले. नमस्कार नाही, आभार नाही.

"नवीन आहे," ते म्हणाले.

सभागृह सावरून बसलं.

"मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीत लिहून देते,
की यंत्रात दोष नव्हता,
की कोणाचाच दोष नव्हता,
माझा हात मीच यंत्राखाली ठेवला."

"क्या बात है," पहिल्या रांगेतून आवाज आला. नानासाहेबांनी डोळे मिटून मान डोलावली.

"वा, दत्तोबा. ती हाताची ओळ पुन्हा एकदा," ते म्हणाले.

दत्तोबांनी ती ओळ पुन्हा वाचली. टाळ्या पडल्या. ते पुढे वाचू लागले.

"मला सूचना समजावून दिल्या होत्या,
त्या मला समजल्या होत्या.
माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, पुढेही असणार नाही.
हा मजकूर मला माझ्या भाषेत वाचून दाखवण्यात आला आहे."

पुन्हा टाळ्या. दत्तोबांनी त्या संपू दिल्या.

"ही कविता माझी नाही. इतकं खोटं मला सात जन्मांत लिहिता आलं नसतं. ही तुमच्या ऑफिसात लिहिली आहे, नानासाहेब. मी फक्त तिचं मराठी केलं. शेवटची ओळ आत्ता कुठे खरी झाली."

नानासाहेब कसंनुसं हसले. "दत्तोबा, हे व्यासपीठ त्यासाठी नाही."

"मग कशासाठी आहे? मराठी मशीनवर नको, कागदावर नको. माझ्या खांद्यावर घालायला तेवढी पाहिजे?" त्यांनी शाल ओढून काढली आणि नारळाशेजारी टाकली.

निरंजन लगबगीने मागच्या रांगेत गेला आणि रुपालीला दबक्या आवाजात म्हणाला, "तमाशा पुरे. सही करायची तर कर, नाहीतर चालू लाग." ती उठली. सगळ्यांच्या मधून चालत व्यासपीठावर आली. दत्तोबांनी अडवायला हात पुढे केला होता, तो तिने बाजूला केला. त्यांच्या खुर्चीवरचा इंग्रजी कागद उचलून टेबलावर सपाट पसरला, त्यावर नारळ ठेवला, म्हणजे तो हलायला नको. एका हाताने करायचं म्हणजे असंच.

तिने टेबलावरचं पेन उचललं, दातांनी टोपण काढलं आणि नानासाहेबांकडे पाहिलं.

"करते सही. पण ती हाताची ओळ आता तुम्ही वाचा, साहेब. तुम्हालाच आवडली होती."

दत्तोबांनी पत्रिका नानासाहेबांच्या पुढ्यात धरली आणि माइक त्यांच्याकडे वळवला. माइक चालूच होता. बराच वेळ सभागृहात नानासाहेबांचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.