हट्टी कात्री

अख्ख्या पुस्तिकेत म्हातारीच्या सासूबाईंच्या वाट्याला अर्धी ओळ आली होती, आणि तीही तिच्या थोरल्या लेकानं आईला न विचारता छापून आणली होती. शिंपीकामाच्या दुकानाला ऐंशी वर्षं झाली म्हणून ही पुस्तिका. आजोबांना आठ पानं, त्यांच्या कात्रीला एक. आणि आजीला? ‘त्यांना पत्नीची साथ लाभली.’ म्हातारीनं ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. तिला वाचायला वेळ लागतो, पण वाचलेलं ती सोडत नाही.

“साथ म्हणे! साथ तापाची येते. तुझी आजी कापड बेतायची, मेल्या.”

“आई, आजी मागच्या खोलीत असायची. तिला कापताना कुणी पाहिलंय का?”

“मी पाहिलंय. नवी नवरी होते तेव्हापासून.”

सासरे पुढं गिऱ्हाइकाची मापं घेत आणि कापड घेऊन मागच्या खोलीत येत. सासूबाई मापाच्या चिठ्ठीकडं बघायच्याही आधी विचारत, “चालतो कसा?” मग सासरे पोट पुढं काढून, नाहीतर एक खांदा पाडून, खोलीभर चालून दाखवत. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत आणि हसता हसता कापड मांडत. कोट असा बसायचा की पाडलेला खांदा कुणाला दिसू नये. गिऱ्हाईक म्हणे, “काय हात आहे हो मास्तरांचा!” मास्तर मान खाली घालत. लोक म्हणत, किती हा विनय! सासूबाई जेवायला मात्र कायम ओळीच्या डाव्या टोकाला बसत. मध्ये बसल्या की त्यांचं कोपर शेजारणीच्या ताटात.

“गोष्टी छान आहेत,” थोरला म्हणाला, “पण आजोबांची कात्री काय सांगते? त्यांच्यामागं तिनं कुणाला दाद दिली नाही.”

हे मात्र खरं होतं. त्याच्या बापानं खटपट केली, त्यानं स्वतः केली. तीनदा धार लावून आणली. कापड कापायचं सोडून पात्यांमध्ये दुमडायचं. शेवटी घरात म्हणच पडली की कात्री मालकाशिवाय चालत नाही. आज ती आजोबांच्या फोटोखाली काचेच्या पेटीत ठेवायची होती.

खाली बसून थोरल्याची मुलगी काजं करत होती. दोन वर्षं ती कापायच्या टेबलासाठी बापामागं लागली होती. बापाचं एकच उत्तर, “जिची काजंसुद्धा उलटी वळतात, ती कापणार काय?”

पेटीत घालायची मखमल दोन बोटं जास्त निघाली. “जरा छाट गं तेवढी,” थोरला म्हणाला. मुलीनं समोर दिसली ती कात्री उचलली.

“अगं, ती नको! ती चालत—”

कात्री चालली. मखमल या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात सरळ कापली गेली.

थोरल्यानं कात्री हिसकून घेतली आणि उरलेल्या पट्टीवर चालवली. पट्टी दुमडली. मुलीनं कात्री परत घेतली. पट्टीचे दोन तुकडे झाले. म्हातारी कात्रीकडं बघतच नव्हती. ती नातीचा हात बघत होती.

“डावा,” ती हळूच म्हणाली. “कोपर बघ कसं बाहेर काढते.”

थोरल्यानं पाती उघडून उजेडात धरली. ती उलटी जोडलेली होती, डावखुऱ्या माणसासाठी मुद्दाम घडवलेली. त्यानं वर फोटोकडं पाहिलं. आजोबा गळ्यात टेप घालून, उजव्या हातात पेन्सिल धरून हसत होते.

म्हातारी उठली. खुंटीवरची टेप काढून तिनं लेकाच्या गळ्यात घातली आणि कॉलर नीट केली.

“आजोबांची गादी चालवायची आहे ना तुला? मग मापं तू घे, आत येऊन गिऱ्हाईक कसं चालतं ते हिला चालून दाखव, आणि टेबल सोड. तुझ्या आजोबांनी जन्मभर तेवढंच केलं, बाळा, आणि फार सुखानं केलं.”